वजनातील तूट : अणुगर्भापासून कृष्णविवरापर्यंत

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मोताळ्याहून राजूर घाट चढून बुलढाण्याला, तेथून चिखली, मेहकर करीत लोणारला आणि लोणारहून आणखी आग्नेयेस गेले की हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ लागते. जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या दर्शनास जाणाऱ्या यात्रेकरूंना हा मुलूख अपरिचित नाही. याच औंढ्याच्या परिसरात एक असा तराजू उभारावयाचा आहे, की ज्याच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या असतील. लायगो-इंडिया हे त्याचे नाव. केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यास तत्त्वतः मान्यता दिली, एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांचा खर्च मंजूर केला आणि ११ मे २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याची कोनशिला बसविण्यात आली. तराजू हा शब्द येथे अलंकार म्हणून योजलेला नाही. कोट्यवधी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन होतात, तेव्हा त्यांच्या एकत्रित वजनात जी तूट येते, ती तूट हे यंत्र मोजते.

तूट म्हणजे काय, हे व्यापारी समाजाला समजावून सांगावे लागत नाही. वहीतील शिलकेपेक्षा गोदामातील माल कमी भरला, की तो गेला कोठे याचा उलगडा होईपर्यंत पेढीवर कोणाला चैन पडत नाही. विसाव्या शतकातील पदार्थविज्ञानाने अशा दोन मोठ्या तुटींचा हिशेब लावला. एक तूट अणूच्या गर्भातील आहे आणि दुसरी कृष्णविवरांच्या मीलनातील. एक सर्वांत लहान ठिकाणी, दुसरी सर्वांत भयंकर ठिकाणी. या दोहोंमध्ये निसर्गातील चार बलांचा जो झगडा चालतो, तोच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

आजच्या ज्ञानानुसार सृष्टीतील सारी ओढाताण चार मूलभूत बलांत सामावते. गुरुत्वाकर्षण सर्वांच्या परिचयाचे. दुसरे विद्युतचुंबकीय बल. दिवा लागतो, लोहचुंबक चिकटतो, एवढेच त्याचे काम नाही. कापडाचा धागा ताणला असता चटकन तुटत नाही आणि बसावयाच्या पाटातून माणूस खाली जात नाही, तेही याच बलामुळे. उरलेली दोन बले अणूच्या गर्भाबाहेर सहसा डोकावत नाहीत. त्यांतील एक तीव्र केंद्रकीय बल आणि दुसरे क्षीण बल.

या चौघांत दुबळे कोण, असे विचारले तर बहुतेक जण क्षीण बलाकडे बोट दाखवतील. नावावरून तसे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात सर्वांत दुबळे बल गुरुत्वाकर्षण होय. शिंप्याच्या दुकानात जमिनीवर सांडलेल्या टाचण्या बोटभर लोहचुंबक सहज उचलतो. त्या टाचण्यांना खाली ओढावयास सहा हजारांहून अधिक किलोमीटर त्रिज्येची सबंध पृथ्वी असते, तरी ती त्या बोटभर तुकड्यापुढे हरते. दोन प्रोटॉन शेजारी ठेवले, तर त्यांच्यातील विजेचे प्रतिकर्षण हे त्यांच्यातील गुरुत्वाच्या ओढीपेक्षा १ वर ३६ शून्ये इतक्या पटींनी मोठे असते.

मग ग्रह, तारे, आकाशगंगा यांवर सत्ता या दुबळ्याचीच का? याचे उत्तर वहीखात्यात सापडते. विद्युतभाराच्या खात्याला जमा आणि नावे अशा दोन बाजू आहेत. प्रोटॉन धन, इलेक्ट्रॉन ऋण. आणि सर्वसाधारण वस्तूत या दोन्ही बाजू इतक्या चोख जुळतात की शिल्लक शून्य राहते. एवढे बलाढ्य बल, परंतु मोठ्या प्रमाणावर त्याचा ताळेबंद कोरा. गुरुत्वाकर्षणाच्या खात्यात मात्र नावेची बाजूच नाही. प्रत्येक कण जमेलाच पडतो, काहीही वजा होत नाही आणि अंतर कितीही असो, नोंद पुसली जात नाही. एकेक नोंद नगण्य खरी. परंतु सूर्यासारख्या ताऱ्यात १ वर ५७ शून्ये इतके प्रोटॉन-न्यूट्रॉन असतात. पै-पैची बचत एवढ्या खातेदारांनी केली, तर ती रक्कम कोणत्याही सावकाराला दिवाळे काढावयास लावील.

आता अणूच्या गर्भात जाऊ. शाळेच्या पुस्तकात त्याला केंद्रक म्हणतात. १९११ साली रदरफोर्ड यांनी दाखवून दिले की अणूचे जवळजवळ सारे वजन मध्यभागीच्या अत्यल्प जागेत एकवटलेले असते. अणू एक किलोमीटर व्यासाच्या गावाएवढा कल्पिला, तर त्याचा गर्भ सदऱ्याच्या गुंडीएवढा भरेल. एवढ्याशा जागेत प्रोटॉन दाटीवाटीने बसतात, आणि ते सर्व धन असल्याने एकमेकांना प्रचंड जोराने दूर लोटतात. तरीही गर्भ फुटत नाही, कारण तीव्र केंद्रकीय बल त्यांना बांधून ठेवते. हे बल विजेपेक्षा सुमारे शंभरपट जोरकस आहे, पण त्याचा हात फार आखूड. एखाददुसऱ्या प्रोटॉनाच्या रुंदीपलीकडे त्याची पकड सुटते. कापडातील धागा आपल्या लगतच्या धाग्याला धरतो, चार बोटे दूर असलेल्या धाग्याशी त्याचा संबंध नसतो, तसेच हे.

या आखूड हाताचे परिणाम साध्या गणिताने कळतात. विजेचे प्रतिकर्षण प्रत्येक प्रोटॉनाचे प्रत्येक प्रोटॉनाशी असते. लोखंडाच्या गर्भात २६ प्रोटॉन, म्हणजे भांडणाऱ्या जोड्या ३२५. सोन्यात ७९ प्रोटॉन, जोड्या ३,०८१. युरेनियममध्ये ९२ प्रोटॉन आणि जोड्या ४,१८६. तिकडे तीव्र बल मात्र शेजाऱ्यापुरतेच. कुटुंब कितीही वाढो, एकाला लागून बसणारे शेजारी तेवढेच राहतात. म्हणून जड मूलद्रव्यांना न्यूट्रॉन अधिक लागतात. न्यूट्रॉन हा भांडणात न पडणारा मध्यस्थ. तो धरतो, पण ढकलत नाही. युरेनियमच्या नेहमीच्या गर्भात ९२ प्रोटॉनांना सावरण्यास १४६ न्यूट्रॉन असतात, आणि तरीही ते पुरे पडत नाहीत. शिशाच्या, म्हणजे ८२ प्रोटॉनांच्या, पलीकडचे एकही मूलद्रव्य संपूर्णपणे स्थिर नाही. युरेनियमचा गर्भ दुभंगला, की इतका वेळ दाबून धरलेले विजेचे प्रतिकर्षण तुकड्यांना उधळून देते. तारापूरच्या केंद्रात १९६९ पासून ज्या उष्णतेवर वीज तयार होऊ लागली, ती या उधळलेल्या तुकड्यांची उष्णता. अणुशक्ती या नावामुळे जे बल डोळ्यांपुढे येते, त्याचा येथे पराभव झालेला असतो, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

पहिली तूट आता पाहता येईल. हायड्रोजनचे चार गर्भ एकत्र येऊन हेलियमचा एक गर्भ बनतो. सुटे चार वजनात घातले आणि मग त्यांचा बनलेला एक घातला, तर शंभर रुपयांमागे सुमारे सत्तर पैसे कमी भरतात. सुट्या मालापेक्षा गठ्ठा हलका! कोणताही मुनीम हे मान्य करणार नाही. आइन्स्टाइन यांनी १९०५ साली वस्तुमान व ऊर्जा यांचा विनिमयदर सांगितला, तेव्हा या तुटीचा मार्ग मोकळा झाला. बांधले जाताना जी ऊर्जा बाहेर पडली, तेवढे वजन घटले. सूर्य दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचे हेलियम करतो आणि त्यात सुमारे ४२ लाख टनांची तूट येते. मोताळ्याच्या अंगणात वाळत घातलेली ज्वारी, नळगंगेच्या पाण्यावरचा उन्हाचा चकाकता पट्टा, या साऱ्याची किंमत त्या तुटीतून चुकती होते.

क्षीण बलाचे महत्त्वही येथेच आहे. चार हायड्रोजनपासून हेलियम होताना दोन प्रोटॉनांचे न्यूट्रॉन व्हावे लागतात, आणि एकाचे दुसरे करणे हे फक्त क्षीण बलाला साधते. ते इतके मंद आहे की सूर्याच्या अंतरंगातील एका प्रोटॉनाला ही पहिली पायरी चढण्यास सरासरी अब्जावधी वर्षे थांबावे लागते. हा विलंब नसता, तर सूर्य केव्हाच जळून संपला असता.

क्षीण बलाचा एक पुरावा तर आपल्याच जिल्ह्यात आहे. लोणारचे सरोवर ज्या १.८ किलोमीटर व्यासाच्या खळग्यात आहे, तो अशनीच्या आघाताने झाला. ती शिळा खाली ओढली गुरुत्वाकर्षणाने. परंतु ती केव्हा पडली, हे विचारावयाचे कोणाला? खडकात पोटॅशियमचा एक किरणोत्सारी प्रकार अल्प प्रमाणात असतो. क्षीण बलाच्या प्रभावाने त्याचे रूपांतर होत राहते आणि त्यातील काही भागाचा आरगॉन वायू बनतो. निम्मे पोटॅशियम बदलण्यास १.२५ अब्ज वर्षे लागतात. आघाताच्या उष्णतेने बेसॉल्ट वितळला तेव्हा आतील आरगॉन निघून गेला आणि घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू झाले. त्यानंतर साठलेला आरगॉन मोजून २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने लोणारचे वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे ठरविले. त्यापूर्वी निराळ्या पद्धतीने ते सुमारे ५० हजार वर्षे धरले जाई, आणि माहितीपत्रकांतून अद्यापही तोच आकडा आढळतो. दोन आकड्यांत दहापटीचा फरक आहे. सहलीला गेलेल्या विद्यार्थ्यांना यांपैकी एकच आकडा पाठ करावयास लावण्यापेक्षा, तो मोजला कसा हे सांगितले तर अधिक बरे.

येथे एका मोहाचा उल्लेख केला पाहिजे. तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात पुद्गल-परमाणूंच्या बंधाचा विचार आला आहे आणि स्निग्ध व रूक्ष या गुणांमुळे परमाणू बांधले जातात, असे तेथे प्रतिपादन आहे. तेव्हा आजची ही सारी बले आपल्या आचार्यांना ठाऊक होती, असे व्यासपीठावरून उत्साहाने सांगितले जाते. टाळ्याही मिळतात. परंतु तो दावा योग्य नव्हे. आचार्यांनी जडाच्या स्वरूपाविषयी केलेले चिंतन ही दर्शनशास्त्रातील थोर गोष्ट आहे. तिला प्रोटॉनाच्या मोजमापाची कुबडी देण्याची आवश्यकता नाही. जे परस्परांना बांधून ठेवते ते काय, हा प्रश्न त्यांनी विचारला, एवढे म्हणणे पुरेसे आणि सत्य आहे.

तारा जळत असतो तोवर आतील उष्णतेचा दाब आणि गुरुत्वाची ओढ यांची बरोबरी असते. जड ताऱ्यात हेलियमपासून कार्बन, ऑक्सिजन असे करीत मजल लोखंडापर्यंत जाते आणि तेथे व्यापार थांबतो. लोखंडाच्या आसपासचा गर्भ सर्वांत घट्ट बांधलेला असल्याने पुढील जोडणीत नफा नाही, उलट पदरचे घालावे लागते. उत्पन्न बंद झाले. गुरुत्वाची वसुली मात्र चालूच असते.

अशा वेळी प्रथम आडवा येतो तो इलेक्ट्रॉनांचा एक नियम. हे पाचवे बल नव्हे. पंगतीत एका पाटावर दोघांना बसता येत नाही. मंडळी वाढली की पाट दूरदूर मांडत जावे लागते. इलेक्ट्रॉनांनाही एकाच अवस्थेत दोघांना राहता येत नाही, म्हणून दाटी वाढली की त्यांना अधिकाधिक वेगाच्या अवस्था पत्कराव्या लागतात, आणि त्या वेगातून दाब उत्पन्न होतो. हा दाब कोठवर पुरेल? १९३० साली इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवर १९ वर्षांच्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी हे गणित मांडले. उत्तर आले, सूर्याच्या सुमारे १.४ पट. त्याहून जड गाभ्याला हा नियम वाचवू शकत नाही, कारण इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशाच्या वेगापुढे जाऊ शकत नाही. जानेवारी १९३५ मध्ये लंडनच्या सभेत सर आर्थर एडिंग्टन यांच्यासारख्या अधिकारी पुरुषाने या निष्कर्षाची जाहीर थट्टा केली. तारा असा विपरीत वागूच शकत नाही, निसर्ग तसे होऊ देणार नाही, असा त्यांचा सूर होता. निसर्ग होऊ देतो. चंद्रशेखर यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९८३ साली, म्हणजे त्या सभेनंतर ४८ वर्षांनी.

मर्यादा ओलांडलेल्या गाभ्याचे पुढे काय होते? गुरुत्वाच्या दाबाखाली इलेक्ट्रॉन प्रोटॉनांत दडपले जातात आणि क्षीण बलाच्या द्वारे त्यांचे न्यूट्रॉन बनतात. सूर्याहून जड ऐवज वीस-पंचवीस किलोमीटर व्यासाच्या गोळ्यात मावतो. हाच न्यूट्रॉन तारा. त्यातील एक चमचाभर द्रव्य सुमारे १०० कोटी टन भरेल. एका अर्थी हा गावाएवढा अणुगर्भच होय, परंतु त्याला बांधणारे बल निराळे आहे. अणूच्या गर्भाला तीव्र बल बांधते. न्यूट्रॉन ताऱ्याला गुरुत्व बांधते, आणि तीव्र बल उलट त्याला आवरून धरते. हे बल काही अंतरापर्यंत ओढते, पण कण फारच जवळ आणले तर ते ढकलू लागते. या ढकलण्याच्या जोरावर न्यूट्रॉन तारा तग धरतो. असे तारे फिरताना रेडिओ लहरींचे ठोके देतात. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या प्रयत्नाने उभ्या राहिलेल्या, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांच्या दुर्बिणीने अशा कित्येक ताऱ्यांचा अभ्यास केला आहे.

तीव्र बलाचा हा शेवटचा बांध फुटतो कसा, यात आइन्स्टाइन यांच्या सिद्धांताचा सर्वांत विलक्षण भाग दडलेला आहे. न्यूटन यांच्या हिशेबात गुरुत्व उत्पन्न होते ते वस्तुमानातून. आइन्स्टाइन यांच्या हिशेबात दाबसुद्धा गुरुत्व उत्पन्न करतो. तेव्हा न्यूट्रॉन तारा कोसळू नये म्हणून तीव्र बल जितका दाब देते, तितकी गुरुत्वाच्या खात्यात आणखी भर पडते. कर्ज फेडण्यासाठी कर्ज काढणाऱ्या पेढीची जी अवस्था होते, तीच येथे होते. एका मर्यादेपुढे प्रतिकार हाच पराभवाचे कारण बनतो. ही मर्यादा आजच्या अंदाजाने सूर्याच्या सव्वादोन पटींच्या जवळपास आहे. तीपलीकडे सृष्टीतील सर्वांत बलवान बल सर्वांत दुबळ्या बलापुढे हात टेकते, आणि उरते ते कृष्णविवर.

या शोधाच्या इतिहासात एक योगायोग असा आहे, की तो कल्पित कथेत घातला तर कोणी विश्वास ठेवू नये. १ सप्टेंबर १९३९. त्या दिवशी जर्मनीने पोलंडवर चाल केली आणि दुसरे महायुद्ध सुरू झाले. त्याच तारखेच्या ‘फिजिकल रिव्ह्यू’ या अमेरिकन नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन लेख छापलेले आहेत. एक बोर आणि व्हीलर यांचा, युरेनियमचा गर्भ कसा दुभंगतो यावर. दुसरा ओपेनहायमर आणि स्नायडर यांचा, इंधन संपलेला जड तारा कसा अखंड कोसळत जातो आणि त्याचा प्रकाश जगाला कायमचा अंतरतो यावर. अणुगर्भाचा भंग आणि कृष्णविवराचा जन्म एकाच पुठ्ठ्यात! ओपेनहायमर पुढे अणुबाँबच्या कामास लागले आणि ताऱ्यांच्या या प्रश्नाकडे परतलेच नाहीत. व्हीलर मात्र परतले, आणि या वस्तूचे आजचे इंग्रजी नाव १९६७ पासून त्यांच्यामुळेच रूढ झाले. आपल्या देशातही काम होत होते. कलकत्त्याच्या बी. दत्त यांनी १९३८ सालीच कोसळणाऱ्या द्रव्याचे गणित प्रसिद्ध केले होते. मूळचे कोल्हापूरचे विष्णू वासुदेव नारळीकर काशी हिंदू विद्यापीठात १९३२ पासून सापेक्षता शिकवीत. त्यांच्या सहवासात प्रल्हाद चुनीलाल वैद्य यांनी १९४३ साली, प्रकाश बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याभोवतीचे गुरुत्व कसे असेल याचे उत्तर दिले. ते आज जगभर वैद्य यांच्या नावाने ओळखले जाते.

कृष्णविवर हा मराठी शब्द घराघरांत नेला तो विष्णुपंतांचे चिरंजीव डॉ. जयंत नारळीकर यांनी. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठविली. आद्याक्षरे उलटी वाचली की खरे नाव सापडते. कथेला बक्षीस मिळाले ते नाव न कळता, हे विशेष. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

कृष्णविवराविषयी एक गैरसमज फार आढळतो, की ते सभोवारचे सारे ओढून गिळते. सूर्याच्या जागी तेवढ्याच वजनाचे कृष्णविवर ठेवले, तर पृथ्वी आपल्या कक्षेत पूर्ववत फिरत राहील; अंधार आणि गारठा होईल, एवढेच. फरक जवळ गेल्यावर पडतो. पृथ्वीवरून कायमचे निसटावयास सेकंदाला ११.२ किलोमीटर वेग लागतो. हीच पृथ्वी ९ मिलिमीटर त्रिज्येच्या गोळीत दाबली, तर तेथून प्रकाशही निसटणार नाही. सूर्यासाठी ती त्रिज्या ३ किलोमीटर येते. या सीमेच्या आत गेलेल्या मालाची बाहेर फक्त तीनच नोंदींवरून ओळख उरते : वस्तुमान, फिरण्याचे परिमाण आणि विद्युतभार. आत सोने गेले की शेणी, प्रोटॉन होते की न्यूट्रॉन, याचा पत्ता लागत नाही. तीव्र आणि क्षीण या दोन्ही बलांची खाती तेथे बाहेरच्या जगापुरती बंद होतात.

आता दुसरी तूट. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील लायगोच्या दोन यंत्रांनी एका सेकंदाचा पाचवा भाग टिकलेली एक थरथर टिपली. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी ती जाहीर झाली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर सूर्याच्या ३६ पट आणि २९ पट वजनाची दोन कृष्णविवरे विलीन झाली होती. बेरीज ६५. नव्या कृष्णविवराचे वजन भरले ६२. तीन सूर्यांची तूट! ती गुरुत्वीय लहरींच्या रूपाने विश्वभर पसरली. हायड्रोजनचे हेलियम होताना शेकडा सत्तर पैसे सुटतात. येथे शेकडा साडेचार रुपयांहून अधिक सुटले, आणि तेही क्षणार्धात. ज्या बलाला प्रोटॉनांच्या जोडीत कोणी विचारीत नाही, त्याने साठलेल्या पुंजीच्या जोरावर केंद्रकीय बलाच्या सहापटींहून मोठी उलाढाल केली. ही लहर पृथ्वीपाशी पोहोचली तेव्हा इतकी मंद झाली होती की चार किलोमीटरच्या भुजेत पडलेला फरक एका प्रोटॉनाच्या जाडीहून शेकडो पटींनी लहान होता. सर्वांत मोठ्या वस्तूचे वजन करावयास माप लागले ते अणुगर्भातले.

एवढी क्षीण खूण यंत्राच्या गोंगाटातून निवडावयाची कशी, यावर पुण्याच्या आयुका संस्थेत डॉ. संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी, हे यंत्र अस्तित्वात येण्याच्या कितीतरी आधीपासून काम करीत होते. विलीन झालेले कृष्णविवर घंटेसारखे कसे घुमून शांत होते, याचे गणित सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० साली केले. १४ जानेवारी २०२५ रोजी टिपलेल्या अशाच एका घटनेत तो घुमणारा नाद पूर्वीपेक्षा फार स्पष्ट मिळाला आणि एक सुंदर गोष्ट सिद्ध झाली. दोन्ही कृष्णविवरांचे पृष्ठफळ मिळून सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर होते, म्हणजे महाराष्ट्राहून कमी. विलीन झाल्यावर ते सुमारे ४ लाख चौरस किलोमीटर झाले, म्हणजे महाराष्ट्राहून जास्त. वजनात तूट, क्षेत्रफळात वाढ. स्टीफन हॉकिंग यांनी १९७१ साली नेमके हेच भाकीत केले होते.

सराफीतील मंडळींना १७ ऑगस्ट २०१७ ची घटना अधिक भावेल. त्या दिवशी सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरील दोन न्यूट्रॉन ताऱ्यांचे मीलन टिपले गेले, पावणेदोन सेकंदांत गॅमा किरणांचा झोत आला आणि जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळल्या. खोडदच्या दुर्बिणीनेही पुढे त्याचा मागोवा घेतला. गुरुत्वाने दोन ताऱ्यांना एकमेकांवर आदळले. उसळलेल्या न्यूट्रॉनांना तीव्र बलाने भराभर गर्भांत ओढले. त्यांतील काहींचे क्षीण बलाने प्रोटॉन केले. आणि अखेर विद्युतबलाने भोवती इलेक्ट्रॉन जमवून अणू पूर्ण केले. सोने, प्लॅटिनम यांसारखी जड मूलद्रव्ये घडण्याची ही एक प्रमुख रीत, असे आता मानले जाते. ३,०८१ भांडणे मिटवून बसलेला सोन्याचा गर्भ सूर्यासारख्या ताऱ्याच्या भट्टीत तयार होऊ शकत नाही.

औंढ्याच्या यंत्राचे प्रयोजन यातूनच कळेल. आवाज कोणत्या दिशेने आला हे ठरवावयास एकमेकांपासून खूप दूर असलेले कान लागतात. अमेरिकेतील दोन, इटलीतील एक आणि जपानमधील एक यंत्र यांच्या जोडीला भारतातील यंत्र आले, की आकाशातील ठिकाण पुष्कळ नेमके सांगता येईल आणि दुर्बिणी वेळेत वळविता येतील. पुण्याची आयुका, इंदूरचे राजा रामण्णा केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा विभागाची बांधकाम शाखा यांनी हे काम वाटून घेतले आहे. पूर्ततेचे वर्ष २०३० सांगितले गेले आहे. तत्त्वतः मान्यता आणि प्रत्यक्ष निधी यांमध्येच सात वर्षे गेली, हे लक्षात घेता त्या तारखेवर फार विसंबून राहू नये.

२,६०० कोटी कशासाठी, हा प्रश्न व्यापारी समाज विचारणारच आणि तो विचारणे गैर नाही. निर्वात नळ्या, लेसर, आरसे यांचे तंत्र उद्योगांस उपयोगी पडेल, असे उत्तर दिले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. तेवढ्याचसाठी कोणी चार किलोमीटरची भुजा बांधीत नाही. खरा प्रश्न अद्याप न सुटलेल्या एका हिशेबाचा आहे. न्यूट्रॉन ताऱ्याच्या अगदी मध्यभागी काय असते? न्यूट्रॉन न्यूट्रॉनच राहतात, की फुटून त्यांतील क्वार्क मोकळे होतात? तेथे तीव्र बल किती ताठरपणे ढकलते? पृथ्वीवरील कोणत्याही प्रयोगशाळेत तितके थंड आणि तितके दाट द्रव्य तयार करता येत नाही. परंतु दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोवती फिरत अगदी जवळ येतात, तेव्हा परस्परांच्या ओढीने त्यांचे आकार भरती आलेल्या समुद्रासारखे ताणले जातात. द्रव्य ताठर असेल तर तारा फुगीर राहतो म्हणून अधिक, मऊ असेल तर कमी. तो ताण लहरींच्या शेवटच्या काही आंदोलनांत किंचितसा फरक पाडतो. २०१७ च्या घटनेने न्यूट्रॉन तारे फार ताठर, फुगीर नसावेत एवढे दाखविले. त्याहून बारीक मोजमापासाठी अशा पुष्कळ घटना हव्यात, आणि त्या टिपावयास अधिक यंत्रे.

ते मोजमाप जेव्हा केव्हा होईल, तेव्हा अणुगर्भातील बलाची शेवटची ताकद किती हा आकडा गुरुत्वाकर्षणाच्या तराजूवर ठरलेला असेल. लोणारच्या काठावरून ज्यांची शाळेची सहल परत येते, त्या मुलांपैकी कोणी त्या वेळी औंढ्याला रात्रपाळीवर असण्यास कोणतीच अडचण नाही. अंतर फार थोडे आहे.

जय जिनेंद्र.